प्रतिजैविकांना न जुमानणारे जीवाणू आणि मध : कुठे उपयोग, कुठे धोका

वाटसरू

'मध म्हणजे निसर्गाने दिलेलं अँटिबायोटिक, गोळ्या बंद करा' असा एक संदेश पुन्हा फिरतोय. त्याखाली दरवेळी तेच भांडण. काहींच्या मते मधाने सगळं बरं होतं, बाकीच्यांच्या मते मध म्हणजे नुसतं साखरपाणी. मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत, म्हणून हा धागा काढतोय.

माझं मत आधीच सांगतो. जखमेवर बाहेरून लावण्यापुरतं मध हे खरोखरीचं औषध आहे, आणि प्रतिरोधी, म्हणजे अँटिबायोटिकला दाद न देणाऱ्या, जीवाणूंवरही ते चालतं. पण रक्तात, फुफ्फुसात किंवा मूत्रमार्गात शिरलेल्या संसर्गावर ते अँटिबायोटिकची जागा घेऊ शकत नाही. ही रेघ पुसली तर माणूस दगावू शकतो.

प्रश्न किती मोठा आहे? 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २०२२ साली आलेल्या जागतिक अभ्यासानुसार २०१९ या एका वर्षात प्रतिरोधी जीवाणूंमुळे थेट सुमारे १२.७ लाख माणसं मेली, आणि सुमारे ४९.५ लाख मृत्यूंमध्ये अशा संसर्गाचा काही ना काही हात होता. हे काही अचानक झालेलं नाही. मेथिसिलिन हे अँटिबायोटिक १९५९ मध्ये वापरात आलं आणि १९६१ मध्ये त्याला दाद न देणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जीवाणू सापडलासुद्धा. तोच आजचा एमआरएसए. पेनिसिलिन शोधणाऱ्या फ्लेमिंग यांनी १९४५ च्या नोबेल व्याख्यानातच बजावून ठेवलं होतं की पेनिसिलिन कमी मात्रेत घेत राहिलं तर जीवाणू त्याला सरावतील.

नवी अँटिबायोटिक्स फार सावकाश येतात. त्यामुळे जुन्या उपायांकडे लोक पुन्हा वळले, त्यात मध आला. इसवी सनपूर्व १६०० च्या सुमाराच्या एडविन स्मिथ पपायरसमध्ये जखमेवर मध आणि चरबी लावून पट्टी बांधायला सांगितलंय. मध जीवाणूंना मारतो हे प्रयोगाने दाखवण्याचं श्रेय साधारणपणे व्हान केटेल या डच संशोधकाला देतात, साल १८९२. मग पेनिसिलिन आलं आणि मध मागे पडला.

आता मूळ मुद्दा, मध जीवाणू मारतो कसा. यात एकच एक युक्ती नाही, आणि मला याच गोष्टीचं सर्वांत जास्त अप्रूप आहे.

मधात साधारण ८० टक्के साखर आणि १७-१८ टक्के पाणी असतं. हे पाणीही साखरेने धरून ठेवलेलं, जीवाणूंच्या वाट्याला फारसं येत नाही. उलट त्यांच्याच पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. शिवाय मध आंबट असतो, सामू ३.२ ते ४.५ च्या आसपास. पण एवढ्यावर भागत नाही, कारण जखमेतून पाणी झिरपतं, मध पातळ होतो आणि साखरेचा जोर ओसरतो. त्यात स्टॅफिलोकोकस तर खारट-गोड वातावरणात तग धरण्यात पटाईत.

इथे मधमाशीचं योगदान येतं. माशीच्या डोक्यातल्या ग्रंथीतून ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं विकर (एन्झाइम) मकरंदात मिसळतं. पिकलेल्या घट्ट मधात ते जवळजवळ निपचित असतं. मध पातळ झाला की ते कामाला लागतं आणि ग्लुकोजपासून ग्लुकॉनिक आम्ल व हायड्रोजन पेरॉक्साइड बनवतं, तेही एकदम नाही, थोडं थोडं, तासन्‌तास. म्हणजे साखरेचा जोर जिथे संपतो तिथेच हा दुसरा मारा सुरू होतो. त्या वेळी अज्ञात असलेल्या या जीवाणूमारक घटकाला १९३७ मध्ये डोल्ड यांनी 'इनहिबिन' म्हटलं होतं. ते पेरॉक्साइडच आहे हे १९६० च्या दशकात व्हाइट यांनी दाखवलं.

न्यूझीलंडमधल्या मानुका झुडपाच्या मधाची गोष्ट वेगळी. वायकाटो विद्यापीठातल्या पीटर मोलन यांच्या लक्षात आलं की पेरॉक्साइड काढून टाकलं तरी हा मध जीवाणू मारतोच. त्यामागचा पदार्थ मिथाइलग्लायॉक्सल आहे हे २००८ मध्ये ड्रेस्डेनमधल्या थॉमस हेन्ले यांच्या गटाने दाखवलं. सर्वसाधारण मधात तो किलोमागे काही मिलिग्रॅम असतो, त्यांनी तपासलेल्या मानुका नमुन्यांत ३८ ते ७६१ मिलिग्रॅम होता. पुढे २०१० मध्ये ॲम्स्टरडॅमच्या संशोधकांनी बी डिफेन्सिन-१ हे माशीचं स्वतःचं प्रथिनही मधात जीवाणू मारतं हे दाखवलं.

अँटिबायोटिक सहसा जीवाणूच्या एखाद्या ठरावीक जागी घाव घालतं. ती जागा बदलली की जीवाणू सुटला. मध चार-पाच बाजूंनी एकदम येतो. कार्डिफमधल्या रोझ कूपर यांनी एमआरएसएचे नमुने तपासले तेव्हा ते १० टक्क्यांहून कमी तीव्रतेच्या मधातही वाढेनात. नुसत्या साखरांचा बनवलेला कृत्रिम मध त्याच कामासाठी कितीतरी जास्त लागला. 'साखरपाणी' म्हणणाऱ्यांना यात उत्तर आहे.

प्रत्यक्ष अनुभव असलेल्यांनी लिहा. मी डॉक्टर नाही.

सूक्ष्मदर्शी

चांगला धागा. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, पेरॉक्साइडचा मुद्दा डोळ्यांनी कसा दिसतो ते सांगते.

अगार (जीवाणू वाढवायची जेली) ओतलेल्या प्लेटवर स्टॅफिलोकोकसचा पातळ थर पसरवायचा. त्यात गोल पोकळ नळीने छोट्या विहिरी पाडायच्या आणि प्रत्येकीत पाण्यात कालवलेला मध भरायचा. प्लेट रात्रभर ३७ अंशांना ठेवायची. सकाळी सगळी प्लेट धुरकट दिसते, ते जीवाणू. मधाच्या विहिरीभोवती मात्र स्वच्छ, पारदर्शक कडं. तिथे काही वाढलेलं नाही.

आता हाच प्रयोग मधात कॅटलेज घालून करायचा. कॅटलेज हे पेरॉक्साइड फोडणारं विकर. बहुतेक मधांचं कडं बारीक होतं किंवा नाहीसंच होतं, मानुकाचं टिकतं. मोलन यांच्या कामाचा पाया हाच. मानुकाच्या बाटलीवर त्याचा जोर सांगणारा यूएमएफ आकडा असतो, त्याचं मूळही इथलंच, कारण हे कडं किती तीव्रतेच्या फिनॉलच्या (एक जुनं जंतुनाशक) कड्याएवढं आहे त्यावरून तो आकडा ठरला.

हे सांगायचं कारण असं की कॅटलेज आपल्या रक्तात आणि ऊतींतही भरपूर असतं. म्हणजे जखमेत साध्या मधाचं पेरॉक्साइड काही प्रमाणात वाया जातं. प्लेटवर जोरदार दिसलेला मध जखमेतही तितकाच जोरदार असेल असं धरून चालू नका.

चौकस

हाच माझा आक्षेप आहे. प्लेटवर तर ब्लीचही जीवाणू मारतं, म्हणून ते कोणी औषध म्हणून घेत नाही. प्रयोगशाळेतली कडी पुरे झाली. माणसांवर नीट चाचण्या झाल्यात का? आणि त्यात मध हरलेल्या चाचण्याही सांगा.

निशिगंध

मी जखमांच्या विभागात परिचारिका आहे. चाचण्यांचं वाटसरू सांगतील, मी ड्रेसिंगचं सांगते.

आम्ही वापरतो तो मध निर्जंतुक केलेला असतो. कधी ट्यूबमध्ये जेलसारखा, कधी गॉजमध्ये किंवा अल्जिनेटच्या (समुद्री शेवाळापासूनच्या) पट्टीत मुरवलेला. तो गॅमा किरणांनी निर्जंतुक करतात, कारण तापवला तर विकर मरतं आणि किरणांनी ते टिकतं. स्वयंपाकघरातला मध जखमेवर ओतणं आणि हे, यात फार अंतर आहे.

पहिले काही दिवस जखम जास्त पाझरते. साखर आतून पाणी ओढते म्हणून. घरचे लोक घाबरतात, "जखम चिघळली का हो?" म्हणून विचारतात. उलट त्या ओलाव्यानेच जखमेवरचा पिवळा, चिवट, मेलेला थर सुटायला लागतो. एरवी जो चिमट्याने ओढून किंवा कापून काढावा लागतो तो ड्रेसिंग बदलताना गॉजबरोबर निघून येतो. खाली लाल दाणेदार ऊती दिसली की आम्हाला बरं वाटतं. दुसरी गोष्ट दुर्गंधीची. घाण वास येणाऱ्या जखमेमुळे रुग्ण माणसांत बसायला लाजतो. मधाचं ड्रेसिंग सुरू केल्यावर बऱ्याच जणांचा वास लवकर कमी होतो. जीवाणू प्रथिनांऐवजी साखरेवर जगायला लागतात, मग ते घाण वासाचे पदार्थ बनवत नाहीत असं त्याचं कारण देतात. रुग्णाला यानेच सर्वांत मोठा दिलासा मिळतो, आणि त्याची नोंद कुठल्या तक्त्यात फारशी होत नाही.

मात्र वरून पाणी शोषणारं जाड ड्रेसिंग हवंच. नाहीतर कडेची चांगली कातडी भिजून पांढरी पडते आणि जखम वाढते.

वाटसरू

@निशिगंध, फार उपयोगी माहिती, मनापासून आभार.

@चौकस, तुमचा प्रश्न रास्त आहे. कोक्रेन ही वैद्यकीय चाचण्या एकत्र करून तपासणारी संस्था, तिने २०१५ मध्ये जखमांवरच्या मधाचा आढावा घेतला. त्यात २६ चाचण्या आणि ३०११ रुग्ण होते. भाजण्याच्या मध्यम खोल जखमा नेहमीच्या ड्रेसिंगपेक्षा मधाने ४-५ दिवस लवकर भरल्या. शस्त्रक्रियेनंतर चिघळलेल्या जखमाही अँटिसेप्टिक आणि गॉजपेक्षा मधाने लवकर बऱ्या झाल्या. इतर जखमांबाबत ठाम काही म्हणता येईल इतका पुरावा त्यांना मिळाला नाही.

आता हरलेल्या चाचण्या. पायाच्या शिरांमुळे होणाऱ्या व्रणांवर न्यूझीलंडमध्ये ३६८ जणांवर मोठी चाचणी झाली, २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. मध लावून व्रण भरण्यात लक्षणीय फरक पडला नाही, उलट मधाच्या गटात वेदनेच्या तक्रारी जास्त होत्या. दुसरी 'हनीपॉट' चाचणी, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधली, ३७१ रुग्णांची. पोटातून डायलिसिस करणाऱ्यांना नळीच्या तोंडाशी संसर्ग होतो, तो टाळायला मध लावून पाहिला. मुपिरोसिन या अँटिबायोटिक मलमाचा वापर वाचवायचा हाच हेतू होता. मध काही सरस ठरला नाही आणि मधुमेहींमध्ये तर मधाच्या गटात संसर्गाचा धोका जास्त दिसला.

ही दुसरी चाचणी मला फार महत्त्वाची वाटते. मुद्दा अँटिबायोटिक वाचवण्याचाच होता, मध चांगल्या प्रतीचा होता, तरी जमलं नाही. म्हणजे कुठली जखम, कुठली जागा, कोणता रुग्ण यावर सगळं अवलंबून आहे.

चौकस

हे आवडलं. दोन्ही बाजू समोर ठेवल्या म्हणून विश्वास बसतो. आता एक शंका. 'मधाला जीवाणू कधीच सरावत नाहीत' असं सगळीकडे लिहिलेलं असतं. हे खरं मानायचं का?

सूक्ष्मदर्शी

कधीच? नाही.

२०१० च्या सुमारास कार्डिफच्या गटाने जीवाणूंना कमी मात्रेतल्या मानुका मधात वाढवून पाहिलं. कायमचा प्रतिरोध तयार झाला नाही, त्यावरून हे वाक्य रूढ झालं. पण २०१४ मध्ये स्यूडोमोनास या जीवाणूच्या बायोफिल्मवर (चिकट थरातल्या वस्तीवर) मध वापरल्यावर मधाला जास्त दाद न देणारे जीवाणू हाती लागले. २०२१ मध्ये ई. कोलाय या जीवाणूवर उत्क्रांतीचे प्रयोग झाले, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या मधात वाढवून पाहिलं, त्यात मिथाइलग्लायॉक्सलला तोंड देणारे बदल जीवाणूंच्या जनुकांत सापडले. पूर्ण मधाला मात्र ते त्या मानाने फारसे सरावले नाहीत. म्हणजे एकट्या रेणूपेक्षा अख्ख्या मिश्रणाला सरावणं अवघड, इतकं म्हणता येईल. अवघड आणि अशक्य यात फरक आहे.

बायोफिल्मबद्दल थोडं सांगते, कारण जुनाट जखमांचं खरं दुखणं तिथे आहे. जीवाणू सुटे सुटे राहत नाहीत. ते पृष्ठभागाला चिकटतात, स्वतःभोवती चिकट लगदा तयार करतात आणि त्यात वस्ती करतात. आतल्या जीवाणूंपर्यंत औषध नीट पोचत नाही, आणि त्यातले बरेच जण सुस्तावलेले असतात. वाढणाऱ्या पेशीवर घाव घालणारी अँटिबायोटिक्स सुस्तावलेल्या पेशीपुढे निष्प्रभ ठरतात. प्रयोगांत मध हा थर तयार होऊ देत नाही आणि तयार झालेलाही काही प्रमाणात मोडतो, पण त्यासाठी तीव्रता बरीच जास्त लागते. ती कमी पडली तर अर्धवट मारा होतो, आणि अर्धवट मारा कोणत्याही औषधाचा वाईटच.

माझ्या मते खरी आशा जोडीने वापरण्यात आहे. जेनकिन्स आणि कूपर यांनी २०१२ मध्ये दाखवलं की एमआरएसएला थोड्या मानुका मधाबरोबर ऑक्सासिलिन हे मेथिसिलिनच्या जातीचं अँटिबायोटिक दिलं तर निकामी झालेलं ऑक्सासिलिन पुन्हा लागू पडतं. २०१३ मध्ये सिडनीच्या गटाने रिफाम्पिसिन या दुसऱ्या अँटिबायोटिकबरोबर तसंच दाखवलं. रिफाम्पिसिनला स्टॅफिलोकोकस एकट्याने फार लवकर सरावतो, मध सोबत असताना तसं होताना दिसलं नाही. हे सगळं प्रयोगशाळेतलं आहे, त्यामुळे अजून फार पुढे पळू नये. पण माझ्या लेखी 'मध की अँटिबायोटिक' यापेक्षा हा प्रश्न कितीतरी मोलाचा आहे.

अबोली

मी या विषयातली नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही. माझ्या नात्यातल्या एका बाईंना लघवीचा संसर्ग झाला होता. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. कोणीतरी सांगितलं, कशाला त्या गरम गोळ्या, मध आणि पाणी घे. त्यांनी गोळ्या सोडल्या. संसर्ग मूत्रपिंडापर्यंत गेला, थंडी वाजून ताप आला आणि शेवटी शिरेतून औषध द्यावं लागलं. आता बऱ्या आहेत. मध इतका गुणी आहे तर पोटातून घेतल्यावर का चालत नाही, हे कोणी सोप्या शब्दांत सांगेल का? पुढच्या वेळी मला त्यांना समजावता आलं पाहिजे.

वाटसरू

बाई बऱ्या झाल्या हे वाचून हायसं वाटलं. सांगण्याचा प्रयत्न करतो.

मध चालतो तो जिथे लावला तिथे, घट्ट थराच्या रूपात. खाल्ल्यावर तो पोटात पातळ होतो. साखर पचते आणि कोणत्याही साखरेसारखी रक्तात जाते. ग्लुकोज ऑक्सिडेज हे प्रथिन आहे, तेही पचून जातं. डिफेन्सिनचं तेच. पेरॉक्साइड उरलंच तर ऊतींमधलं कॅटलेज ते फोडून टाकतं. मिथाइलग्लायॉक्सल मोडायला आपल्या पेशींत स्वतंत्र विकरं आहेत, कारण तो पदार्थ आपल्यालाही अपायकारक असतो. मग मूत्राशयापर्यंत पोचायला उरलं काय?

आकड्याने सांगायचं तर एमआरएसए थांबवायला ३ ते १० टक्के तीव्रतेचा मध लागतो असं धरा. माणसाच्या अंगात साधारण ५ लिटर रक्त. नुसत्या रक्तातच ५ टक्के तीव्रता आणायची म्हटली तर पाव लिटर मध न पचता, न मोडता थेट रक्तात उतरायला हवा. तसं होत नाही आणि झालं तर त्या साखरेनेच माणूस मरेल. त्यामुळे न्यूमोनिया, रक्तातला संसर्ग, मेंदूज्वर, मूत्रमार्गाचा संसर्ग यांत मधावर विसंबून एक दिवसही घालवू नये.

खडूफळा

खोकल्याचं काय? तिथे तर डॉक्टरही मध घ्या म्हणतात.

सूक्ष्मदर्शी

हो, आणि तिथे मध अँटिबायोटिक खरंच वाचवतो, पण जीवाणू मारून नव्हे. सर्दी-खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो, त्यावर अँटिबायोटिकचा उपयोगच नसतो. तरी 'काहीतरी द्या' म्हणून ते दिलं जातं, आणि प्रतिरोध वाढण्यामागे हे एक मोठं कारण आहे. २०२० मध्ये ऑक्सफर्डच्या संशोधकांनी १४ अभ्यास एकत्र पाहिले. नेहमीच्या उपचारांपेक्षा मधाने खोकल्याची वारंवारता आणि तीव्रता कमी झाली. ब्रिटनच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही साध्या खोकल्याला आधी मध सुचवलाय. डॉक्टरांना अनावश्यक अँटिबायोटिक टाळायला एक चांगला, सुरक्षित पर्याय हाताशी मिळतो. धाप लागणं, जोराचा ताप, छातीत दुखणं, रक्त पडणं यांपैकी काही असेल तर मात्र हा साधा खोकला नाही.

निशिगंध

+१. आणि हे ठळक करून लिहिते: एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका. चाटवायलाही नाही, औषधात कालवूनही नाही. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनमचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते रुजत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात रुजून विष तयार करतात. बाळ मलूल पडतं, शी होत नाही, रडणं क्षीण होतं, दूध ओढता येत नाही, पुढे श्वासाचे स्नायूही ढिले पडू शकतात. हा आजार १९७६ मध्ये ओळखला गेला. मध उकळला तरी हे बीजाणू मरत नाहीत.

अबोली

बाळांचं हे मला माहीतच नव्हतं. आत्ताच घरच्या गटात पाठवलं.

मधुकोष

मी मधपाळ आहे. सगळे मध सारखे धरून चर्चा चाललीय म्हणून लिहितो.

माशा मकरंद आणतात तेव्हा तो पाण्यासारखा पातळ असतो. रात्रभर पंख हलवून त्या पाणी उडवतात आणि मध पिकला की घरावर मेणाचं झाकण लावतात. झाकण लागायच्या आधीच घाईने काढलेला मध पातळ राहतो आणि आंबतो. त्यात ना साखरेचा जोर, ना टिकाऊपणा. पुढे बाटली चकचकीत दिसावी म्हणून मध तापवून बारीक गाळतात. त्या तापवण्यात विकर जातं. उजेडात ठेवल्यानेही ते कमी होतं. म्हणजे दुकानातल्या पारदर्शक, कधीच न साखळणाऱ्या मधात औषधी गुण किती शिल्लक असतील याची मला शंका आहे. मध साखळला, खाली दाणे बसले, की लोक भेसळ म्हणून परत करतात. खरं तर चांगला मध बहुधा साखळतोच.

भेसळीचं तर विचारूच नका. युरोपीय आयोगाने २०२३ मध्ये बाहेरून आलेल्या मधाचे ३२० नमुने तपासले, त्यातले ४६ टक्के संशयास्पद निघाले. तांदळाचा किंवा इतर पिकांचा साखरपाक मिसळलेला. तो ओळखायला महागडी यंत्रं लागतात. पाण्यात थेंब टाकून बघणं, काडी पेटवणं, कागदावर ठेवणं, या घरगुती चाचण्यांनी काही कळत नाही. असला पाक कोणी जखमेवर लावला तर त्यात पेरॉक्साइड कुठून येणार?

आणि मानुकाच हवा असं मात्र नाही. इतर फुलांचे काही मधही पेरॉक्साइडच्या जोरावर उत्तम काम करतात. पण फूल बदललं, हंगाम बदलला, साठवण बदलली की गुण बदलतात. एकाच वसाहतीच्या दोन काढण्यांतही फरक पडतो. औषध म्हणून वापरायचं तर प्रत्येक काढणीची तपासणी व्हायला हवी, आणि ती आम्हा साध्या मधपाळांच्या हातातली गोष्ट नाही. मी माझा मध जखमेसाठी म्हणून कोणाला देत नाही.

चौकस

@मधुकोष, शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं. जो विकतो तोच सांगतोय की हा जखमेवर लावू नका.

आता मधुमेहींच्या पायाच्या जखमेबद्दल सांगा. घरात रुग्ण आहेत म्हणून विचारतोय. मधातली साखर जखमेतून रक्तात जाते का?

निशिगंध

त्याने रक्तातली साखर फार वाढल्याचं मी पाहिलेलं नाही, पण जखम मोठी असेल तर आम्ही तपासत राहतो. खरी काळजी वेगळी आहे. मधुमेहात पायाला संवेदना नसते, रक्तपुरवठा कमी असतो, आणि वरून छोटी दिसणारी जखम आत हाडापर्यंत गेलेली असू शकते. तिथे वरून काय लावलं यापेक्षा पायावरचा भार काढला का, रक्तवाहिन्या तपासल्या का, साखर आटोक्यात आहे का, हाडात संसर्ग आहे का, हे आधी. कोक्रेनच्या आढाव्यातही या जखमांवर मध सरस असा निष्कर्ष नाही. आसपास लाली पसरतेय, पाय गरम लागतोय, ताप आहे, बोट काळं पडतंय, यातलं काहीही दिसलं तर त्याच दिवशी दाखवा. अशा वेळी अँटिबायोटिक लागतंच, आणि उशीर झाला तर पाय जातो.

सूक्ष्मदर्शी

मिथाइलग्लायॉक्सलबद्दल एक भर. मधुमेहींच्या शरीरात हा पदार्थ आधीच वाढलेला असतो आणि तो प्रथिनांना चिकटून त्यांचं नुकसान करतो. त्यामुळे त्यांच्या जखमेवर मानुका जपून वापरावा असं काही संशोधक म्हणतात. माणसांवर हे सिद्ध झालेलं नाही, पण 'हनीपॉट'मधला मधुमेहींचा निकाल पाहता मी हा इशारा झटकून टाकणार नाही.

खडूफळा

एवढं वाचल्यावर प्रश्न पडतो, डॉक्टरांपुढे विषय काढायचा कसा? 'इंटरनेटवर वाचलं' म्हटलं की बरेचदा बोलणं तिथेच थांबतं.

वाटसरू

नेमकं विचारायचं. 'मध लावू का?' असं न विचारता 'या जखमेला वैद्यकीय दर्जाचं मधाचं ड्रेसिंग चालेल का?' असं विचारा. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००७ मध्येच अशा ड्रेसिंगला मान्यता दिली आहे, त्यामुळे डॉक्टरांना ते अगदीच अपरिचित नसतं. जखमेचं कल्चर (नमुना घेऊन जीवाणू वाढवून पाहणं) केलंय का, कुठला जीवाणू निघाला, पोटातून अँटिबायोटिक खरंच हवं आहे की जखम वरवरची आहे, हेही विचारा. संसर्ग वरवरचा असेल तर चांगलं ड्रेसिंग पुरतं आणि गोळ्या टळतात. तो आत पसरलेला असेल तर गोळ्या पूर्ण घ्यायच्या, डॉक्टरांनी सांगितल्यात तितके दिवस.

अबोली

शेवटचं विचारते. मधाचं ड्रेसिंग लावल्यावर झोंबतं का? आमच्याकडे एकांना सुचवलंय, ते घाबरलेत.

निशिगंध

काहींना झोंबतं, मध आंबट असतो म्हणून. बहुतेकांचं थोड्या वेळात शमतं. लावायच्या आधी वेदनाशामक गोळी देता येते, ती आधी विचारून घ्या. आग कमी होतच नसेल तर सहन करत बसू नका, ड्रेसिंग काढून जखम सलाइनने धुवायला सांगा, दुसरं ड्रेसिंग मिळतं. आणि त्यांना मधमाशीच्या दंशाची किंवा परागकणांची ॲलर्जी असेल तर ड्रेसिंग उघडायच्या आधीच परिचारिकेला सांगा.